गार इंजिन

नबहानच्या निझवा गावातल्या घराच्या अंगणात विकायला काढलेली जुनी आलिशान गाडी उभी होती. घ्यायला आलेल्या झुवैनामावशींनी बॉनेटवर तळवा टेकवला. "तापलंय की." "जरा फिरवून आणली," नबहान पुटपुटला. गार इंजिन सुरू करताना आतली झिजलेली साखळी खडखडायची, म्हणून त्याने मुद्दाम तापवलेलं. "मग निवू दे. तोवर कॉफी पाज." पाहुणीला घाई कशी करणार? तो खजूर पुढे करत राहिला. अखेर मावशींनी चावी फिरवली. इंजिन मुकाट सुरू झालं. ते पुरतं निवलंच नव्हतं. "झकास. आमच्या यांना डायलिसिसला न्यायला हीच घेते. पहाटे डोंगर ओलांडायचा असतो, वाटेत चिटपाखरू नसतं." मावशींनी पैशांची पिशवी उघडली. नबहानने हात पुढे केला आणि चावी काढून घेतली. "उद्या पहाटे या, मावशी. गारठल्यावर कशी खडखडते ते ऐका."