पाचवं शील

छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून देवमन दारू न पिण्याचं शील पाळत आला होता. पुढे त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला एकदमच कावीळ झाली. धाकटा डोमाजी महिन्यात बरा होऊन परत गुत्त्यावर बसू लागला. देवमनचं पोट मात्र काही वर्षांनी पाण्यानं फुगलं. अकोल्याच्या डॉक्टरनं यकृत चाचपून विचारलं, "किती पिता?"

"बुद्धासमोर शपथ घेतली, अन् मलेच फसवलं तुमी?" बायको मनकर्णा म्हणाली.

"थेंबई नाई घेतला वं."

तो मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

 

पुढल्या वर्षी त्याच डॉक्टरनं तिच्या सात वर्षांच्या लेकीचं, मैनाचं, तसंच पाण्यानं फुगलेलं पोट चाचपलं, आणि या वेळी काहीच विचारलं नाही.