फोटोखालची ओळ

"भाऊ, काय लिखेल शे आठे?" द्रौपदाबाईने फोटोखालच्या पट्टीवर बोट ठेवत योगराजला विचारलं.

जळगावच्या त्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाच्या फोटोपुढे सकाळपासून गर्दी होती. सागाच्या पानावर पंख पसरून बसलेलं नीलवंत फुलपाखरू, काळं-निळं, तळहाताएवढं. एरंडोलच्या योगराजने जन्मभर हळदीचे आणि वरातीचे फोटो काढले. आज पहिल्यांदाच लोक त्याला कलावंत म्हणत होते. फुलपाखरू उद्यानात काम करणारी ही म्हातारी इथे उगवेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

कारण नीलवंत तिच्याच उद्यानातलं होतं. जाळीच्या घरातल्या फुलपाखराला बक्षीस कोण देणार? म्हणून योगराजने ते गुपचूप डब्यात घालून घरी नेलं, गार पडून गप्प बसावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं आणि मग शेतातल्या सागावर बसवलं. ऊन लागलं तसे त्याने एकदाच पंख उघडले. फोटो झकास आला. फुलपाखरू मात्र उडालं नाही. त्याला मुंग्यांनी नेलं.

"पाल जंगल, सातपुडा," योगराजने वाचून दाखवलं. आपलंच खोटं तो पहिल्यांदाच मोठ्याने वाचत होता.

"हाई तं आपलं शे, भाऊ! डावा पंखले हाई चीर देखा. कोशमाईन निंघतांना मनंच नख लागेल व्हतं." तिने आपल्या बोटाचं नख पुढे केलं; तिचे डोळे भरून आले होते. "मी म्हनू, कोनना तरी पायखाल चेंगरायनं व्हई. जित्तं शे ते! इतलं दूर उडी गयं!"

तिने त्याचे दोन्ही हात धरले. योगराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मग तिचं हसू हळूहळू उतरलं. नीलवंत नाहीसं झालं तेव्हा उद्यानाच्या साहेबांनी तिलाच धरलं होतं. दोन्ही दारं उघडी टाकलीस, म्हणाले. तिने नातवाची शपथ घेऊन नाही म्हटलं, तरी आतलं काम काढून तिच्या हाती बाहेरचा झाडू दिला. तेव्हापासून ती साहेबांशी ताठ मानेने अबोला धरून होती.

"जंगलमा गयं, म्हंजे दारमाईनच गयं ना, भाऊ?"

सांगून टाकायची हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात माइकवर त्याचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, आणि तो मान खाली घालून व्यासपीठाकडे चालू लागला.

द्रौपदाबाई त्याच्या आधीच पुढे पोचली होती. पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या उद्यानाच्या साहेबांपुढे ती हात जोडून उभी होती.

"साहेब, मना बोलनं खोटं निंघनं. दार मीच उघडं ठेयेल व्हतं."