फावल्या वेळची गाडी

"हप्ता किती बसतो?" पट्टा लावता लावता मेहुण्याने विचारलं.

"हप्ता नाही," वायरमन म्हणाला आणि त्याने गाडी फाटकातून बाहेर काढली.

"म्हणजे रोख घेतलीत, दाजी?"

"हप्ता नाही, एवढं धर. पुढचं विचार."

मेहुणा बेकरीत कामाला होता. पहाटेपासून भट्टीपाशी उभा राहायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा. त्या मोकळ्या वेळात गाडी चालवावी, चार पैसे जास्तीचे यावेत, असं त्याच्या डोक्यात घोळत होतं. ॲपवरच्या भाड्यांत खरंच काही सुटतं का, हे डोळ्यांनी बघायला तो आज सुट्टीच्या दिवशी दाजींच्या शेजारी येऊन बसला होता. गाड्यांच्या शोरूमवाल्याने त्याच्यामागे लकडा लावला होता. कर्जही मंजूर झालं होतं. आता त्याने हो म्हणायचाच काय तो अवकाश.

निघताना वायरमनची बायको दारापर्यंत आली होती. "अहो, तो साधा आहे. तुमचं ऐकून उडी मारेल," ती हळूच म्हणाली होती. "तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा."

वायरमन नुसता हसला होता. बायको पहिल्यापासून सावध. दुधाचं पातेलंसुद्धा मंद आचेवर ठेवणारी. तो मात्र इस्पितळात वायरमन होता. जिवंत तारेला हात घालायचा तर छाती लागते, असं तो म्हणायचा, आणि हा जोडधंदा त्याने त्याच छातीवर सुरू केला होता.

पहिलं भाडं एका बाईचं निघालं. हातात वाढदिवसाच्या केकचा भलामोठा खोका. वायरमन खाली उतरला, डिकीतून जुनी चादर काढून त्याने मागच्या सीटवर नीट अंथरली आणि म्हणाला, "ताई, खोका मांडीवरच धरा हं. सीटला डाग पडला तर माझी धडगत नाही."

बाई हसल्या. उतरताना म्हणाल्या, "इतकी स्वच्छ गाडी पहिल्यांदाच मिळाली बघा." पाच तारे देऊन गेल्या.

"केवढं जपता हो!" मेहुणा म्हणाला.

"जपावंच लागतं," वायरमन म्हणाला. चादर झटकून, घडी घालून त्याने परत डिकीत ठेवली.

गाडी पुढे निघाली. मेहुण्याचे प्रश्न काही संपेनात.

"विमा?"

"भरलेला आहे."

"सर्व्हिसिंग?"

"झालेलं आहे."

"आणि टायर?"

"नवेकोरे. घाटात घातले तरी हूं की चूं करणार नाहीत."

"मग खर्च कशाचा येतो?"

"पेट्रोलचा. बाकी आपले हातपाय."

मेहुण्याने डोकं खाजवलं. "आमच्याकडे पाव न्यायला टेम्पोवाला येतो, तो म्हणतो, हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती... गाडीच सगळं खाते आणि मालक उपाशी राहतो. तुमचंच बरं सुटतं कसं?"

"त्याला जमत नसेल." वायरमनने एका हाताने झोकात वळण घेतलं. "हे बघ, फ्रीज आला की नाही आमच्याकडे? पोरीचा पोहण्याचा क्लास लागला. तुझ्या ताईच्या दातांचं काम कित्येक वर्षं रखडलं होतं, तेही झालं. हे सगळं कशावर? संध्याकाळच्या दोन-चार फेऱ्यांवर. इस्पितळाच्या पगाराला हातही लावला नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फ्रीज मेहुण्याने पाहिला होता. ताईचं हसणंही पाहिलं होतं.

सिग्नल लाल होता. मेहुण्याने खिशातून फोन काढला. "दाजी, ठरलं. रोज उठून विचार करत बसायचा कंटाळा आला. घेऊनच टाकतो."

"आत्ता?"

"आत्ता. तुमच्यासारखा माणूस छातीठोक सांगतोय म्हटल्यावर थांबायचं कशाला?"

वायरमनने तोंड उघडलं. बायकोचा दारातला चेहरा एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आला. "तसं नव्हे, पण... घाई नको," तो म्हणाला. तोवर फोनवर ओटीपी आलाही होता आणि मेहुण्याने आकडे दाबलेही होते.

"झालं!" मेहुण्याचा चेहरा फुलला. "कर्जाचे पैसे गेले शोरूमला. आता आपण दोघं जोडीने धंदा करायचा."

तेवढ्यात वायरमनचा फोन वाजला. विमानतळावरचं भाडं, चांगलं लांबचं. बुकिंग कुणा बाईच्या नावावर होतं. खाली मेसेज होता, 'आईबाबा बाहेर उभे आहेत. सामान जड आहे, जरा हात लावा.'

"बघ, तुझा पायगुण!" वायरमन म्हणाला. मघाची हुरहुर कुठल्या कुठे पळाली. मेहुणा काही दूधखुळा नाही, मेहनती आहे, निभावून नेईल. शीळ घालतच त्याने गाडी मोठ्या रस्त्याला लावली.

विमानतळाच्या छताखाली गर्दी होती. एका खांबापाशी सामानाची गाडी घेऊन एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी फोनकडे पाहिलं, मग येणाऱ्या गाडीच्या नंबरकडे, मग पुन्हा फोनकडे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

वायरमनची शीळ थांबली. गाडी थांबली तीही आचका देऊन.

मेहुणा तोवर खाली उतरला होता. आता आपणही याच धंद्यातले, या उत्साहात त्याने मोठी बॅग उचलली. "बसा काका, बिनधास्त बसा. आमच्या दाजींची गाडी म्हणजे एक नंबर!"

आजोबा बसले नाहीत. ते वाकले आणि खिडकीतून वायरमनकडे पाहत म्हणाले, "किल्ली देताना मी तुला काय सांगितलं होतं रे? बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा नुसती चालू करायची, एवढंच ना?"