वाघ्याचा बॅनर

म्हाताऱ्या वाघ्यानं अन्नपाणी सोडलं, तशी उदगीरच्या शिवम्मांनी देवापुढं समई लावली. नगरसेवक व्हायला गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या त्यांच्या लेकानं, श्रीशैलनं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा बॅनर छापून आणला. कोपऱ्यात कुत्रं, मधोमध हात जोडलेला श्रीशैल.

आज सकाळी मात्र वाघ्या उठला. शिवम्मांनी दुधात कुस्करलेली भाकर त्यानं चाटूनपुसून खाल्ली, वर शेपटीही हलवली.

“जगतंय की रे माझं लेकरू,” म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला.

श्रीशैलनं बाहेर जाऊन जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

“साहेब, लई हाल व्हायलेत त्याचे, बघवत न्हाई. मरणाचं इंजेक्शन आजच द्या. उद्यापासून निवडणुकीची आचारसंहिता हाय, बॅनर लावू देणार न्हाईत.”