भासऱ्यासमोरची खुर्ची

फाटक वाजलं आणि दारापुढच्या सपरीत बसलेल्या धुरपताबाई खुर्चीवरून खाली सरकायला लागल्या.

"आई!" सून पौर्णिमा पिठाच्या हातानं धावली आणि सासूला काखेत धरून तिनं परत वर बसवलं. "डॉक्टर काय बोलले होते? खाली बसाचं नाई, मांडी घालाची नाई."

"भासरे आले ना वं," डोक्यावरचा पदर ओढत धुरपताबाई पुटपुटल्या. "त्याहिच्यासमोर खुर्चीवर बसू?"

वर्ध्याच्या दवाखान्यात नवा खुबा बसवून त्या परवाच वडनेरला आल्या होत्या. सुटी देताना डॉक्टरांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात फिरवून दाखवली होती. मांडीच्या हाडाचा गोळा असा वाटीत फिरतो. गुडघा कमरेच्या वर गेला की गोळा वाटीबाहेर, मग पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात त्यानंतर चालणं होईलच असं नाही. धुरपताबाईंनी मान डोलावली होती. पण डॉक्टरांना कुठे भासरा होता! नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर उंचावर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही रीत त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. नवरा जाऊन वर्षं लोटली, केस पिकले, तरी डोमाजींशी त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

डोमाजी अंगणातच थबकले. पाठीत वाकलेला म्हातारा, पण कान तिखट.

"पौर्णिमा," ते मोठ्यानं म्हणाले, "तुह्या सासूले सांग, मी काई वाघ नाई. खुर्चीवरच बस म्हना."

"त्याहिले सांग," पदराआडून उत्तर आलं, "मले पाप लागते."

आणि बाई पुन्हा सरकू लागल्या.

डोमाजींनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात बैल सोडलेली बंडी उभी होती. त्यांनी काठी बाजूला टाकली, चाकावर पाय ठेवला आणि चढायला सुरुवात केली. त्यांचे सांधे तरी कुठे तरणे होते! एकदा पाय घसरला. धुरपताबाई सरकायचं विसरून बघत राहिल्या. कण्हत, कुथत म्हातारा वर पोचला, धोतर सावरून बंडीत मांडी घालून बसला आणि त्यानं भावजयीकडे सरळ पाहिलं.

"मी वर हावो न आता? मंग बस वं बाई, सुखानं."

धुरपताबाईंचे डोळे भरून आले. इतका मान त्यांना आजवर कुणी दिला नव्हता. त्या खुर्चीत मागे टेकून नीट बसल्या.

पौर्णिमानं चहा बंडीतच नेऊन दिला. डोमाजी गावच्या पाटलाच्या थाटात फुंकर मारत प्याले. ती कप घेऊन आत गेली, तरी ते बसूनच. एकदा पाय मोकळा करायला गेले, तर मांडी सुटेना. त्यांनी हळूच गुडघा दाबला आणि आभाळाकडे बघत बसले, जसं काही झालंच नाही.

धुरपताबाईंनी दाराकडे पाहिलं. निरोप न्यायला कुणीच नव्हतं. त्यांनी पदर थोडा मागे सारला.

"उतरता येते का तुमाले," त्या म्हणाल्या, "का धराले येऊ?"