येते हं

शिफ्ट संपली की मी एडनाआजीला "येते हं" म्हणायची. मेलबर्नच्या आमच्या वृद्धाश्रमातली ही आजी शहाण्णव वर्षांची. उशाशी भावाचा, क्लिफचा, लष्करी पोशाखातला फोटो आणि त्याच्यापुढे, शहीदांची आठवण म्हणून तिकडे ठेवतात ती, रोझमेरीची डहाळी. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावरच्या लढाईत तो गेला, त्याचं थडगंसुद्धा कुणाला सापडलं नाही.

एकदा तिने "येते"चा अर्थ विचारला.

"आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हटलं की माणूस परत येतो."

"काहीतरीच तुमचं!" म्हणून ती खो खो हसली.

मग कोविडची दुसरी लाट आली. आमच्या विंगमधल्या कितीतरी खोल्या रिकाम्या झाल्या, आणि मीही आयसीयूत जाऊन आले. नोव्हेंबरात कामावर रुजू झाले, तेव्हा आधी तिच्या दारावरची नावाची पाटी पाहिली. होती. मग आत शिरले.

गाऊन, मास्क, शील्ड यांच्यातून माझे डोळेच काय ते दिसत होते. तरी तिने ओळखलं.

"आलीस, अपर्णा!"

हातमोज्यासकट माझा हात घट्ट धरून ती कितीतरी वेळ नुसती हसत राहिली. मग फोटोकडे वळली.

"बोटीवर चढताना हा 'चला, जातो' म्हणाला होता."

मी फोटो तिच्याजवळ सरकवला.

"त्याची तरी काय चूक," डोळे पुसत ती म्हणाली, "त्याला कुठे मराठी येत होतं!"