मुठीखालचं नाव

"लढाईत शत्रूच्या साहेबाच्या हातातून हिसकावलंय, दुकानातून नाही आणलं!" सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पिस्तूल दाखवून ऐकवायचे. संग्रहालयातले तज्ज्ञ त्याचा माग काढायला आले, तेव्हा सासरे आत घोरत होते. मी लेकीला कडेवर घट्ट धरून लांबच उभी राहिले.

"हे शत्रूचं नाही, आपल्याच सैन्यातलं आहे," म्हणत तज्ज्ञांनी मुठीवरची लाकडी पट्टी काढली. खाली खिळ्यानं कोरलेलं नाव होतं, सासूबाईंच्या पहिल्या नवऱ्याचं. ते सासऱ्यांचे जिवलग मित्र, त्याच लढाईत गेलेले.

"आणि आजही बार उडेल, बरं का! कुणीतरी नेमानं तेल घालतंय."

सासूबाईंनी घोरण्याच्या दिशेनं शांतपणे पाहिलं.

"मीच घालते. हे नाव वाचलं त्या दिवसापासून."